चित्रपट संकलन आणि दृश्यपरिणाम : आंतरजालावरील साधनसंपदा

चित्रपट कसा बनवतात हे समजून घेण्यासाठी दादासाहेब फाळके यांना १९१२ मध्ये विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून लंडन गाठावे लागले होते. तेथे त्यांनी ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाच्या संपादकाची भेट घेतली, सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहिला आणि विल्यमसन कॅमेरा विकत घेऊन ते मायदेशी परतले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. लेखन, दिग्दर्शन, संकलन आणि पडद्यावरचे चमत्कार ही सारी कामे फाळक्यांनी स्वतःच्या देखरेखीखाली पार पाडली. ज्ञान दूर होते आणि त्याची किंमत मोठी होती.

आज परिस्थिती नेमकी उलटी आहे. म्हापसा, मडगाव, सावंतवाडी, बेळगाव किंवा इंदूर येथील तरुणाला संकलन अथवा दृश्यपरिणामांची कला शिकायची असेल, तर तिची बहुतेक साधने घरबसल्या आणि पुष्कळदा विनामूल्य मिळतात. अडचण आहे ती निवडीची. कोणते साधन खरोखर मोफत आहे, कोणते केवळ सरावापुरते मोफत आहे, कोणती सामग्री वापरली तर उद्या चित्रपट अडकू शकतो, याची माहिती एकत्रित मिळत नाही. महाग संगणकप्रणालीची चोरटी प्रत घेऊन काम सुरू करण्याची सवय त्यातूनच लागते. पहिले व्यावसायिक काम हाती येताच त्या सवयीचे ओझे जाणवू लागते. प्रामाणिक मार्गाने हा व्यवसाय करू इच्छिणाऱ्यांसाठी ही नोंद आहे.

दोन कला, एक टेबल

संकलन म्हणजे चित्रित झालेल्या तुकड्यांतून निवड करणे, त्यांचा क्रम लावणे आणि प्रत्येक तुकडा पडद्यावर किती काळ राहील हे ठरवणे. दृश्यपरिणाम म्हणजे कॅमेऱ्यासमोर जे घडले नाही, ते चित्रित दृश्यात बेमालूमपणे मिसळणे. पहिली कला काळाशी खेळते, दुसरी अवकाशाशी. फिल्मच्या जमान्यात या दोहोंची दालने वेगळी होती. संगणकावर ती एकाच टेबलावर आली आहेत. लहान गावातील कारागिराला तर दोन्ही भूमिका स्वतःच वठवाव्या लागतात. लग्नाचे चित्रीकरण, मंदिराच्या उत्सवाचा माहितीपट, स्थानिक जाहिरात आणि महोत्सवासाठीचा लघुपट ही चारही कामे तोच माणूस करतो.

संकलनाची साधने

महागड्या यंत्रणेची मक्तेदारी एका दिवसात मोडली नाही. वॉल्टर मर्च यांनी ‘कोल्ड माउंटन’ (२००३) हा मोठ्या खर्चाचा चित्रपट ‘फायनल कट प्रो’ या तुलनेने स्वस्त प्रणालीवर संकलित केला आणि त्या संकलनाला ऑस्करचे नामांकन मिळाले. चांगल्या संकलनासाठी महाग यंत्रच हवे, हा समज तेव्हापासून ढिला पडला.

आज नवोदिताला सर्वांत जवळचे साधन म्हणजे ‘डाव्हिंची रिझॉल्व्ह’. मुळात रंगसंस्कारासाठी असलेली ही महागडी यंत्रणा ऑस्ट्रेलियाच्या ‘ब्लॅकमॅजिक डिझाइन’ या कंपनीने २००९ मध्ये विकत घेतली आणि पुढे तिची मोफत आवृत्ती खुली केली. संकलन, रंगसंस्कार, ध्वनी आणि दृश्यपरिणाम यांसाठी तिच्यात स्वतंत्र कक्ष आहेत. मोफत आवृत्तीवर पाणचिन्ह येत नाही आणि तिच्यावर केलेले व्यावसायिक कामही चालते. तिच्या मर्यादा मात्र आधीच ठाऊक हव्यात. तिच्यातून ३८४० बाय २१६० पेक्षा मोठे चित्र बाहेर काढता येत नाही, म्हणजे चित्रगृहांचे ४०९६ रुंदीचे चित्र तिच्या आवाक्याबाहेर राहते. चित्रातील कण कमी करण्याची आणि इतर काही प्रगत साधने सशुल्क आवृत्तीसाठी राखून ठेवलेली आहेत. सशुल्क आवृत्ती एकदाच पैसे भरून विकत घेता येते. निर्मात्याकडूनच मिळणारी प्रशिक्षण पुस्तके आणि त्यांसोबतची सरावाची दृश्ये विनामूल्य आहेत. ती क्रमाने पूर्ण करणे हे विस्कळीत चित्रफिती पाहण्यापेक्षा कितीतरी अधिक फलदायी ठरते.

ज्यांचा संगणक जुना आहे, त्यांच्यासाठी ‘केडेनलाइव्ह’ आणि ‘शॉटकट’ या दोन मुक्त प्रणाली उपयुक्त आहेत. मोठ्या स्टुडिओंत आणि कथाचित्रपटांच्या विश्वात ‘अॅव्हिड मीडिया कंपोझर’चा वापर आजही व्यापक आहे. त्यामुळे पुढे सहायक संकलक म्हणून मुंबई किंवा हैदराबादेत काम करण्याचा मानस असेल, तर त्याची ओळख करून घ्यावीच लागते.

‘केडेनलाइव्ह’ आणि ‘शॉटकट’ यांच्या पोटात ‘एफएफएमपेग’ नावाचा एक मूक सेवक काम करतो. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रणालीकाराने २००० मध्ये सुरू केलेला हा मुक्त प्रकल्प चित्र आणि ध्वनीचे एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात रूपांतर करतो. आपल्याकडे त्याची गरज विशेष भासते, कारण मोबाइलवर घेतलेल्या दृश्यांत दर सेकंदाच्या चौकटींची संख्या स्थिर नसते. अशी दृश्ये थेट टाइमलाइनवर घेतली, की काही मिनिटांनी ओठ आणि आवाज यांची फारकत होते. संकलनापूर्वीच चौकटींचा वेग स्थिर करून घेतला, तर ही डोकेदुखी टळते. साध्या लॅपटॉपवर जड दृश्ये अडखळत असतील तर त्यांच्या हलक्या प्रती, म्हणजे प्रॉक्सी, तयार कराव्यात, त्यांच्यावर संकलन करावे आणि अखेरीस मूळ दृश्ये जोडावीत. मोठे चित्रपटही याच पद्धतीने संकलित होतात.

दृश्यपरिणामांची साधने

या क्षेत्रात सर्वांत ठळक नाव ‘ब्लेंडर’चे. डच कारागीर टॉन रोझेंडाल यांनी निर्माण केलेली ही त्रिमितीय प्रणाली २००२ मध्ये कंपनी बंद पडल्याने नामशेष होण्याच्या बेतात होती. रोझेंडाल यांनी वापरकर्त्यांनाच आवाहन केले. सात आठवड्यांत एक लाख युरो जमले, गुंतवणूकदारांकडून तिचे हक्क सोडवून घेतले गेले आणि १३ ऑक्टोबर २००२ रोजी ती कायमची मुक्त झाली. बावीस वर्षांनी लॅटव्हियाचे गिंट्स झिल्बालोडिस यांनी याच प्रणालीत ‘फ्लो’ हा संवादविरहित चित्रपट घडवला. मार्च २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. लॅटव्हियाची लोकसंख्या वीस लाखांच्या आत आहे. गोव्यासारख्या छोट्या राज्याने त्यातून घ्यायचा बोध वेगळा सांगायला नको.

ब्लेंडरमध्ये घडवलेल्या कलाकृतीवर तिच्या निर्मात्याचाच हक्क असतो आणि ती विकण्यास कोणतीही आडकाठी नाही. ‘हुडिनी’ आणि ‘न्यूक’ या दोन व्यावसायिक प्रणालींच्या सरावासाठीच्या मोफत आवृत्त्यांचे तसे नाही. ‘हुडिनी अप्रेंटिस’च्या चित्रावर पाणचिन्ह उमटते. तिच्यात तयार केलेली फाइल व्यावसायिक आवृत्तीत उघडली, तर ते संपूर्ण कामच बिगरव्यावसायिक ठरते. ‘न्यूक’ची मोफत आवृत्ती १९२० बाय १०८० या आकारापुरती मर्यादित असून तिच्या फाइलचे स्वरूपच वेगळे असते. या आवृत्त्या शिकण्यासाठी उत्तम आहेत, पण पैसे घेऊन करायच्या कामाला त्यांच्यापासून आरंभ करणे म्हणजे स्वतःच्या हाताने कोंडी करून घेणे होय. ग्रीन स्क्रीन काढणे, तारा पुसणे, दोन दृश्ये जोडणे असल्या नित्याच्या कामांसाठी रिझॉल्व्हमधील ‘फ्यूजन’ हा कक्ष पुरेसा ठरतो.

उद्योगाची सामाईक भाषा

प्रणाली बदलतात, स्वरूपे टिकतात. म्हणूनच जाणकार कारागीर प्रणालीइतकाच स्वरूपांचाही अभ्यास करतो. ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’ने स्वतःच्या गरजेपोटी घडवलेले ‘ओपनईएक्सआर’ हे चित्रस्वरूप २००३ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. सूर्याचे तेज आणि कोपऱ्यातला अंधार दोन्ही न गमावता साठवण्याची त्याची क्षमता मोठी आहे. आज जगभरातील दृश्यपरिणामांची देवाणघेवाण मुख्यतः त्यातूनच होते. ड्रीमवर्क्सने धूर, ढग, ज्वाळा यांसाठी ‘ओपनव्हीडीबी’ दिले, सोनी पिक्चर्स इमेजवर्क्सने रंगव्यवस्थेसाठी ‘ओपनकलरआयओ’ दिले, पिक्सारने संपूर्ण दृश्यरचनेसाठी ‘यूएसडी’ आणि संकलनाच्या आराखड्यासाठी ‘ओपनटाइमलाइनआयओ’ दिले. अशा प्रकल्पांना कायमचे घर मिळावे म्हणून ऑस्कर पुरस्कार देणारी अकादमी आणि लिनक्स फाउंडेशन यांनी २०१८ मध्ये ‘अकादमी सॉफ्टवेअर फाउंडेशन’ स्थापन केले. या प्रकल्पांची कागदपत्रे सर्वांना खुली आहेत.

संकलकासाठी ‘ईडीएल’ ही निर्णयसूची आजही उपयोगी आहे. गेल्या शतकातील सत्तरच्या दशकातील व्हिडिओ संकलनयंत्रांपासून चालत आलेली ही साधी मजकुराची फाइल कोणता तुकडा कोठून कोठपर्यंत घेतला याची नोंद ठेवते. पन्नास वर्षांनंतरही ती कोणत्याही संगणकावर वाचता येते. काम संपल्यावर प्रणालीच्या फाइलसोबत अशी एक साधी सूची जपून ठेवावी. प्रणाली नाहीशी झाली तरी संकलनाचा सांगाडा उरतो.

सरावाची सामग्री

संकलन वाचून येत नाही, त्यासाठी कच्ची दृश्ये लागतात. नवोदिताकडे नेमकी तीच नसतात. ही उणीव काही संस्थांनी भरून काढली आहे. ब्लेंडर फाउंडेशनने आपले लघुपट त्यांच्या मूळ फाइलींसह खुले केले. ‘टीअर्स ऑफ स्टील’ (२०१२) या लघुपटात जिवंत अभिनय आणि दृश्यपरिणाम यांचा संगम आहे. त्याच्या मूळ चित्रीकरणाच्या चौकटीही उपलब्ध असल्याने ग्रीन स्क्रीन, कॅमेऱ्याचा माग काढणे आणि रंगसंस्कार यांचा संपूर्ण सराव एकाच सामग्रीवर करता येतो. नेटफ्लिक्सने ‘मेरिडियन’ आणि ‘सोल लेव्हान्ते’ यांसारखे लघुपट तंत्रज्ञांच्या अभ्यासासाठी खुले केले आहेत. वॉल्ट डिस्ने ॲनिमेशनने ‘मोआना’मधील बेटाचे संपूर्ण दृश्य २०१८ मध्ये अभ्यासकांना दिले. बलाढ्य स्टुडिओतील एक चौकट किती वस्तूंनी बनते, हे त्यातून डोळ्यांनी पाहता येते. कॅमेरा बनवणाऱ्या कंपन्याही आपल्या कॅमेऱ्यांची नमुनादृश्ये देतात.

प्रकाशाचे गोलाकार नकाशे, पोत आणि त्रिमितीय वस्तूंसाठी ‘पॉली हेवन’ हा संग्रह निर्धोक आहे. त्यातील सर्व सामग्री कोणत्याही अटीविना वापरता येते. ध्वनीसाठी बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठाने २००५ मध्ये सुरू केलेला ‘फ्रीसाउंड’ हा संग्रह मोठा आहे, परंतु त्यातील प्रत्येक ध्वनीचा परवाना वेगळा असतो. तो पाहिल्याशिवाय ध्वनी उतरवून घेऊ नये.

परवाना : दोन अक्षरांतील फरक

‘मोफत’ आणि ‘मुक्त’ यांत अंतर आहे. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यांच्या पुढे लागणारी अक्षरे बारकाईने वाचावी लागतात. ‘सीसी झीरो’ म्हणजे कोणतीही अट नाही. ‘बीवाय’ म्हणजे श्रेयनामावलीत निर्मात्याचे नाव हवे. ‘एनसी’ म्हणजे व्यावसायिक वापरास मनाई. असा ध्वनी हौसेच्या लघुपटात वापरला आणि उद्या तो लघुपट एखाद्या वाहिनीने विकत घेतला, तर ध्वनी बदलावा लागतो. ‘एसए’ म्हणजे त्यातून घडलेली कलाकृतीही त्याच परवान्याखाली खुली करावी लागते. ‘एनडी’ म्हणजे बदल करून घडवलेले रूप इतरांपर्यंत पोहोचवण्यास मनाई. येथे बहुतेक जण फसतात. गाण्याला हातही लावला नाही, मग बदल कोठे झाला, असा युक्तिवाद ते करतात. पण या परवान्यांच्या व्याख्येनुसार संगीत हलत्या चित्राशी जुळवले, की ते रूपांतरच ठरते. म्हणून ‘एनडी’ संगीत चित्रपटात चालत नाही.

जुन्या भारतीय चित्रपटांतील दृश्ये वापरतानाही हिशेब करावा. भारतीय स्वामित्वहक्क कायद्यानुसार चित्रपटावरील हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. त्यातील गीत आणि संगीत यांवरचे हक्क मात्र स्वतंत्र असून ते कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालू राहतात. त्यामुळे चित्र मुक्त झाले तरी गाणे बांधलेले असू शकते. कोणती सामग्री कोठून, कोणत्या तारखेला, कोणत्या परवान्याने घेतली याची एक वही पहिल्या दिवसापासून ठेवावी. महोत्सव किंवा वितरक विचारणा करतो तेव्हा वर्षभरापूर्वीचा स्रोत आठवत नाही.

देवनागरीची कसोटी

मराठी आणि कोंकणी चित्रकर्मींची एक अडचण परदेशी मार्गदर्शनात सहसा सापडत नाही. ती आहे अक्षरांची. देवनागरीत जोडाक्षरे घडतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येते. ज्या प्रणालीत या रचनेची व्यवस्था नाही, तेथे शीर्षक टाइप करताच वेलांटी भलत्याच जागी जाते आणि ‘क्ष’ किंवा ‘त्र’ यांचे तुकडे पडतात. ‘आफ्टर इफेक्ट्स’च्या जुन्या आवृत्त्यांत तर दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचा मजकूरविकल्प स्वतः निवडावा लागत असे. म्हणून कोणतीही प्रणाली स्वीकारण्यापूर्वी तिच्यात ‘क्षत्रिय’, ‘ज्ञानेश्वर’, ‘दुर्वा’ असे दोन-चार शब्द लिहून पाहावेत. शब्द मोडले तर शीर्षके चित्रप्रणालीत बनवून पारदर्शक पार्श्वभूमीसह आणावीत.

टंकही युनिकोडचेच असावेत. जुन्या पद्धतीच्या टंकांत लिहिलेली श्रेयनामावली दुसऱ्या संगणकावर रोमी अक्षरांची खिचडी होऊन बसते. मुंबईच्या ‘एक टाइप’चे ‘मुक्त’ आणि ‘बालू’, तसेच गूगलचा ‘नोटो’ हे टंक मुक्त परवान्याचे असून चित्रपटात निर्धास्त वापरता येतात. उपशीर्षकांसाठी ‘सबटायटल एडिट’ आणि ‘एजीसब’ ही विनामूल्य साधने आहेत. फाइल जतन करताना ‘यूटीएफ-८’ हा पर्याय निवडला नाही, तर सारी अक्षरे प्रश्नचिन्हे होतात.

भाषण ऐकून मजकूर लिहिणारी ‘व्हिस्पर’ ही प्रणाली ओपनएआय कंपनीने २०२२ मध्ये खुली केली. मुलाखतींच्या माहितीपटात तिचा मोठा आधार होतो. तिच्या भाषांच्या यादीत मराठी आहे, पण मराठी लेखनाची अचूकता इंग्रजीच्या तोडीची नाही. कोंकणी तर त्या यादीतच नाही. त्यामुळे गोव्यातील माहितीपटकाराला कान आणि लेखणी यांवरच भिस्त ठेवावी लागते.

पडद्यापर्यंतचा शेवटचा टप्पा

२००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात भरतो आणि येथील अनेक तरुणांना त्यामुळे मोठ्या पडद्याचे वेध लागतात. चित्रगृहात चित्रपट ‘डीसीपी’ या स्वरूपात दाखवला जातो. ‘डीसीपी-ओ-मॅटिक’ या मुक्त साधनाने तो घरीही बनवता येतो. चौकटींचा वेग २४ ठेवणे सर्वांत सुरक्षित. दूरचित्रवाणीच्या सवयीने २५ वर चित्रित केलेल्या लघुपटाला अखेरीस तडजोड करावी लागते. म्हणून हा निर्णय चित्रीकरणापूर्वीच घ्यावा. संचाच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या जागी, हा नियमही पाळावा. दमट किनारपट्टीवर आणि विजेच्या लपंडावात तो नियम किती मोलाचा आहे, हे डिस्क बिघडल्यावरच कळते.

दुसऱ्याचे अप्रकाशित काम हाती असेल तर आंतरजालावरच्या मोफत सेवांवर ते चढवू नये. आकार कमी करून देणारी किंवा पार्श्वभूमी आपोआप काढणारी सेवा सोयीची वाटते, परंतु गोपनीयतेचा करार मोडला तर नाव कायमचे जाते.

कारागिराचे स्वतःचे काय?

फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘लाइफ ऑफ पाय’ला दृश्यपरिणामांचे ऑस्कर मिळाले आणि त्याच महिन्यात ते घडवणाऱ्या ‘रिदम अँड ह्यूज’ने दिवाळखोरी जाहीर केली. तिचे कारागीर मुंबई आणि हैदराबादेतही होते. बारा वर्षांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, टेक्निकलर समूह कोसळला आणि त्याच्या भारतातील स्टुडिओंनाही टाळे लागले. शिवाय आपल्याकडील नवोदिताला पहिली नोकरी ज्या रोटोस्कोपिंगच्या कामावर मिळते, म्हणजे चौकटीमागून चौकट आकृतीची कड काढण्याच्या कामावर, ते काम आता यंत्रबुद्धी झपाट्याने उचलत आहे.

अशा काळात एखाद्या बटणाचे ज्ञान फार दिवस पुरत नाही. प्रकाश कसा पडतो, नजर पडद्यावर कोठे जाते, कोणत्या क्षणी तुकडा तोडावा, हे ज्ञान मात्र नोकरीबरोबर जात नाही. मुक्त साधनांचे खरे मोल येथे आहे. स्टुडिओ बंद पडला तरी ती कारागिराच्या हाती राहतात.

आरंभ कोठून करावा, या प्रश्नाचे उत्तर छोटे आहे. एक संकलनप्रणाली निवडावी आणि तिची अधिकृत पुस्तके पूर्ण करावीत. नंतर खुल्या लघुपटाची कच्ची दृश्ये घेऊन तोच प्रसंग तीन वेगळ्या प्रकारे संकलित करावा. मग आपल्याच गावातील तीन मिनिटांची एखादी गोष्ट, तियात्राच्या तालमीची असो वा मासळीबाजारातील पहाटेची, चित्रित करून शीर्षकापासून डीसीपीपर्यंत स्वतःच्या हाताने पूर्ण करावी. फाळक्यांनीही लंडनहून परतल्यावर आधी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली होती आणि मगच राजा हरिश्चंद्राला हात घातला होता.